मराठीभाषक परीक्षार्थी आणि स्पर्धापरीक्षांतील इंग्रजी

सनदी सेवकांची निवड खुल्या स्पर्धेने करण्याची पद्धती लंडन येथे १८५५ साली अमलात आली, व १९२२ पासून ही परीक्षा हिंदुस्थानातही होऊ लागली. त्या काळी इंग्रजी हा परीक्षेचा केवळ एक विषय नव्हता. ते परीक्षेचे माध्यमच होते. कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ पासून संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषांतून उत्तरे लिहिण्याची मुभा मिळाली आणि मराठीचाही मार्ग मोकळा झाला. तथापि सक्तीच्या इंग्रजीची प्रश्नपत्रिका कायम राहिली. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील या ३०० गुणांच्या प्रश्नपत्रिकेचे गुण अंतिम क्रमवारीत धरले जात नाहीत. परंतु तीत किमान २५ टक्के गुण न मिळाल्यास उमेदवाराच्या अन्य विषयांतील गुणांचा विचारच होत नाही. इतिहासावर अथवा राज्यशास्त्रावर मराठीतून उत्तम लिहिणाऱ्याचे वर्षभराचे श्रम या एका उंबरठ्यावर वाया जाऊ शकतात. संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेत तर इंग्रजीचे १२० वस्तुनिष्ठ प्रश्न असून प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा एक-तृतीयांश भाग वजा होतो.

या विषयाची तयारी म्हणजे शब्दांच्या व वाक्प्रचारांच्या याद्या मुखोद्गत करणे, असा समज रूढ आहे. हा मार्ग अपुरा आहे. मराठीभाषकाच्या हातून इंग्रजीत होणाऱ्या चुका यदृच्छेने घडत नाहीत. त्यांतील पुष्कळशा मराठीच्या घडणीतून उद्भवतात. म्हणून त्यांचा उगम शोधणे हाच त्या टाळण्याचा खात्रीचा उपाय होय.

१. व्याकरण

प्रथम प्रयोगाचा विचार करू. ‘रामाने रावण मारला’ या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. म्हणून मराठी व्याकरण त्यास कर्मणी प्रयोग म्हणते. शाळेत कर्मणी आणि ‘पॅसिव्ह व्हॉइस’ हे पर्यायशब्द म्हणून शिकलेला विद्यार्थी येथेच फसतो. या वाक्याचे इंग्रजी रूप ‘राम किल्ड रावण’ असे होते, आणि ते ‘ॲक्टिव्ह’ आहे. इंग्रजी ‘पॅसिव्ह’शी खरोखर जुळणारे मराठी वाक्य ‘रावण रामाकडून मारला गेला’ हे होय. मराठीतील प्रयोग क्रियापदाच्या अन्वयावर ठरतो. इंग्रजीतील ‘व्हॉइस’ कर्ता व कर्म यांपैकी वाक्याचे उद्देश्य कोण, यावर ठरतो.

काळाच्या बाबतीतही असाच भेद आहे. ‘पाहुणे कालच आले आहेत’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. परंतु ‘हॅव कम यस्टरडे’ ही इंग्रजी रचना अशुद्ध ठरते, कारण गतकाळाचा निश्चित निर्देश होताच इंग्रजीस साधा भूतकाळ, म्हणजे ‘केम’, हवा असतो. उलट ‘मी तीन वर्षांपासून येथे राहतो’ या वाक्यातील वर्तमानकाळ इंग्रजीत तसाच ठेवता येत नाही. तेथे ‘हॅव लिव्ह्ड’ हे रूप येते. शिवाय ‘पासून’ या एकाच शब्दयोगी अव्ययाचे इंग्रजीत दोन वाटेकरी आहेत: आरंभबिंदू दाखविण्यास ‘सिन्स’ आणि कालावधी दाखविण्यास ‘फॉर’. ‘पेक्षा’ या अव्ययामुळे ‘सीनियर दॅन’ असे लिहिले जाते. शुद्ध रूप ‘सीनियर टू’. ‘विषयी चर्चा करणे’ या रचनेमुळे ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ येते. वस्तुतः ते क्रियापद कर्म थेट घेते. ‘तो म्हणाला की मी येईन’ यात मराठी मूळ वक्त्याचे सर्वनाम व काळ राखते. इंग्रजी अप्रत्यक्ष कथनात ‘मी’चा ‘ही’ आणि ‘विल’चा ‘वुड’ होतो. चूक शोधण्याच्या प्रश्नांत नेमक्या अशाच जागा वारंवार हेरलेल्या असतात.

२. शब्दसंग्रह

शब्दांच्या बाबतीत मराठीभाषकाजवळ एक भांडवल आधीच आहे. निरीक्षण, समीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा हे शब्द ‘ईक्ष्’ या एका धातूस निरनिराळे उपसर्ग लागून झाले आहेत, हे तो जाणतो. इंग्रजीतील इन्स्पेक्ट, प्रॉस्पेक्ट, रिट्रॉस्पेक्ट, सस्पेक्ट हे शब्दही ‘पाहणे’ या अर्थाच्या एका लॅटिन धातूपासून आले आहेत. उपसर्गांचा अर्थ आत, पुढे, मागे, खालून असा लावला की शब्दांचे संपूर्ण कुळ एकदम ध्यानात राहते. मात्र व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. ‘परीक्षा’ आणि ‘सर्कमस्पेक्ट’ या दोहोंची घडण ‘सभोवार पाहणे’ अशीच आहे. परंतु पहिल्याचा अर्थ कसोटी, तर दुसऱ्याचा सावध असा स्थिरावला आहे. म्हणून व्युत्पत्तीने शब्द स्मरणात ठेवावा, अर्थ मात्र वापरावरून निश्चित करावा.

शब्दांच्या सहवासाचेही असेच आहे. मराठीत उमेदवार परीक्षा ‘देतो’, प्रमाण इंग्रजीत तो ती ‘टेक’ करतो. मराठीत चूक ‘करतात’, परंतु इंग्रजीत ‘मिस्टेक’बरोबर ‘डू’ न येता ‘मेक’ येते. अशा जोड्या जोडीनेच टिपून ठेवणे हिताचे असते.

३. वाक्प्रचार

वाक्प्रचारांत सर्वांत मोठा धोका अपरिचितांचा नसून ओळखीच्या भासणाऱ्यांचा असतो. ‘डोळ्यांत धूळ फेकणे’ यास इंग्रजीत समानार्थी व समानरूप वाक्प्रचार आहे. त्यामुळे विश्वास बसतो. पण मराठीत एखाद्याचे पाय ओढणे म्हणजे त्याच्या उत्कर्षात विघ्न आणणे, तर इंग्रजीत पाय ओढणे म्हणजे थट्टा करणे. मराठीत हात धुऊन मागे लागणारा माणूस पिच्छा सोडत नाही; इंग्रजीत एखाद्या गोष्टीवरून हात धुणारा तिची जबाबदारीच झटकतो. पर्यायी उत्तरांत शब्दशः अर्थ मुद्दाम ठेवलेला असतो, हे जाणून अशा फसव्या जोड्यांची स्वतंत्र नोंद करावी.

समारोप

तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर महाराष्ट्राच्या अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. भाषांतराची ती शिस्त आजही उपयुक्त आहे; मात्र तिचा हेतू दोन भाषांतील साम्य गृहीत धरणे हा नसून भेद नजरेस आणणे हा असावा. जुन्या प्रश्नपत्रिका सोडविताना प्रत्येक चूक केवळ दुरुस्त न करता ती कोणत्या मराठी रचनेतून आली हे शेजारी लिहिल्यास, थोड्याच अवधीत चुकांचे मोजके वर्ग हाती येतात आणि पाठांतराचा भार हलका होतो. ज्याचा मराठी व्याकरणाचा पाया पक्का, त्यास हे वर्गीकरण सुलभ जाते. मातृभाषेतून शिक्षण ही या परीक्षेतील उणीव मानण्याचे कारण नाही. तिचा डोळस उपयोग केल्यास तीच इंग्रजीच्या अभ्यासाचे साधन ठरते.