रेगन यांचा कायदा: कुणाला बडगा, कुणाला सूट

३ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेतले सुमारे १३ हजार हवाई वाहतूक नियंत्रक संपावर गेले. पगारवाढ हवी होती, कामाचे तासही कमी व्हायला हवे होते. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्याच दिवशी पत्रकारांना बोलावून बजावले: केंद्र सरकारच्या नोकरांना संपाची मुभा नाही, ४८ तासांत कामावर या. मुदत टळली आणि ११ हजारांहून अधिक माणसे बडतर्फ झाली. त्यांना पुन्हा त्या नोकरीत घेण्यावरही बंदी आली. ती उठायला १९९३ साल उजाडले. निवडणुकीत याच नियंत्रकांच्या संघटनेने रेगन यांना पाठिंबा दिला होता, आणि १९६० मध्ये हॉलिवूडच्या नटांच्या संपाचे नेतृत्व करणारे खुद्द रेगनच होते. नियंत्रकांनी कायदा मोडला, हे कबूल. पण या बडतर्फीतून खासगी मालकांनी नेमका बोध घेतला. संपकऱ्यांच्या जागी सरळ नवी भरती करायची त्यांची भीड चेपली.

रेगन यांचे चाहते त्यांना कायद्याचा कठोर पाईक म्हणतात. त्यांच्या आठ वर्षांचा हिशेब मांडला की दिसते ते वेगळेच. कठोरपणा दुबळ्यांच्या वाट्याला आला. १९८६ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत विकल्या जाणाऱ्या ‘क्रॅक’च्या ५ ग्रॅमना किमान पाच वर्षांची कैद लावली. भुकटीच्या कोकेनसाठी तेवढ्याच शिक्षेला ५०० ग्रॅम लागत. त्याच वर्षीच्या करकायद्याने सर्वोच्च प्राप्तिकराचा दर २८ टक्क्यांवर आणून ठेवला. रेगन सत्तेवर आले तेव्हा तो ७० टक्के होता. सरकारी खर्च मात्र आटला नाही, कारण संरक्षणखर्च फुगत गेला. राष्ट्रीय कर्ज जवळजवळ तिप्पट झाले.

महागाई उतरली, हे खरे. त्याचे बरेचसे श्रेय मध्यवर्ती बँकेचे पॉल व्होल्कर यांचे. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्याशी १९८७ मध्ये झालेला क्षेपणास्त्र करार मात्र रेगन यांच्या खात्यावर निःसंकोच मांडावा.

परराष्ट्र धोरणात कायदा आडवा आला, तेव्हा काय झाले? एल साल्वादोरमधल्या एल मोसोते या खेड्यात डिसेंबर १९८१ मध्ये अमेरिकेने प्रशिक्षण दिलेल्या अत्लाकात्ल बटालियनने शेकडो निःशस्त्र गावकऱ्यांना ठार मारले. २७ जानेवारी १९८२ रोजी न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्टने ती हकीकत छापली. मानवी हक्कांची स्थिती सुधारत असल्याचे प्रमाणपत्र अध्यक्षांनी दिले तरच लष्करी मदत चालू राहील, अशी अमेरिकी संसदेची, म्हणजे काँग्रेसची, अट होती. ते प्रमाणपत्र दुसऱ्याच दिवशी दिले गेले. १९९२ मध्ये गावातल्या चर्चलगतची एक खोली खणली गेली. तिथे १४३ सांगाडे निघाले. त्यांतले १३१ बारा वर्षांखालच्या मुलांचे होते. सापडलेल्या काडतुसांवरच्या खुणांवरून ती अमेरिकन सरकारसाठी मिझुरीत तयार झाल्याचे कळले.

निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांना लष्करी मदत द्यायला काँग्रेसने मनाई केली. तेव्हा अध्यक्षांच्या सल्लागारांनी इराणला चोरून शस्त्रे विकली आणि नफ्यातला पैसा बंडखोरांकडे वळवला. निकाराग्वाच्या फिर्यादीवर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ मध्ये अमेरिकेला दोषी ठरवले, तर सरकारने तो निकालच मानला नाही.

भारताला याची झळ पाकिस्तानच्या बाजूने बसली. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात होत्या, म्हणून पाकिस्तानचे लष्करशहा झिया उल हक यांना १९८१ मध्ये ३.२ अब्ज डॉलरची मदत आणि ४० एफ-१६ विमाने देण्याचे ठरले. अणुबाँबचे काम चालू असल्याचा संशय वॉशिंग्टनमध्ये उघड बोलला जाई. १९८५ च्या प्रेसलर दुरुस्तीने अट घातली: पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही, असे अध्यक्षांनी दरवर्षी लिहून द्यावे. रेगन यांनी ते लिहून दिले, शेवटपर्यंत. सोव्हिएत फौजा माघारी गेल्यावर, १९९० मध्ये, थोरल्या बुश यांनी तसे लिहून द्यायला नकार दिला. तोवर ती ४० विमाने पाकिस्तानच्या हवाई दलात कधीच दाखल झाली होती.