क्रँकचे 10 मिलिमीटर

आज चाकांवर लिहिणार होतो, पण ती एक आठवडा थांबतील. भोरहून एका ताईंचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. उंची पाच फूट एक इंच, तयारी गोव्याच्या आयर्नमॅन 70.3ची. चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे जाताना एअरोबारवर वाकलं की मांड्या पोटाला लागतात, आणि सायकल ठेवून धावायला लागावं तर जांघा आखडलेल्या. गेल्या लेखाप्रमाणे सीट पुढे घेऊन झाली. आता फ्रेमच बदलू का, असं त्या विचारतात.

ताई, फ्रेमचं नंतर बघू. आधी क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेला आकडा वाचा. लहान फ्रेमलाही पुष्कळदा 170 मिलिमीटरचाच क्रँक बसवलेला असतो. त्याजागी 160चा लावला की खालच्या टोकाला पेडल 10 मिलिमीटर वर थांबतं, म्हणून सीट तेवढीच वर घ्यायची. वरच्या टोकाला मात्र पेडल आधीपेक्षा 10 मिलिमीटर खालीच राहतं. म्हणजे सीटपासून मोजलं तर माथ्यावर पाऊल 20 मिलिमीटर लांब गेलं. वाकलेल्या माणसाच्या पोटाला आणि जांघेला ही जागा फार मोठी. हाताचे पॅडही सीटबरोबर उचलले तर सगळा फायदा आरामाचा; तिथेच ठेवले तर पाठ आणखी आडवी होते आणि वारा कमी लागतो. कुणाची पाठ काय सोसते, त्यावर ते ठरवावं.

खूण सोपी आहे. कुणाला तरी मागून बघायला सांगा. पेडल माथ्यावर येताना गुडघा बाहेर फेकला जात असेल, तर पाय जागा शोधतोय.

वरंध घाटात जोर कमी पडेल, ही शंका रास्त आहे. आखूड क्रँकवर त्याच गियरला साधारण 6 टक्के जास्त दाब द्यावा लागतो. पण मागे 28 दातांऐवजी 30 दातांचं चक्र असलं की 7 टक्के परत मिळतात. पाय थोडे भरभर फिरवायचे, इतकंच. मार्टिन आणि स्पिर्डुसो यांनी 2001 साली 120पासून 220 मिलिमीटरपर्यंतचे पाच क्रँक लावून सायकलपटूंची कमाल ताकद मोजली. 145, 170 आणि 195 यांत लक्षात घ्यावा असा फरक निघाला नाही. ती चाचणी काही सेकंदांच्या जोराची होती हे खरं. पण 90 किलोमीटर वाकून बसायचं आणि मग 21 किलोमीटर धावायचं, तिथे मोकळ्या जांघेची किंमत वाढतेच. 2024ची टूर द फ्रान्स पोगाचारने 165च्या क्रँकवर जिंकली, आणि त्याची उंची 176 सेंटिमीटर आहे.

तेव्हा पाच फूट एक इंचाला 170 लांबच. फिटिंग करणाऱ्याकडून 160चा लावून बघा, सीट उचलायला विसरू नका, आणि वेल्ह्यापर्यंत जाऊन आल्यावर लगेच थोडं धावून काय वाटलं ते कळवा. चाकांचं पुढच्या आठवड्यात.