कपड्यांच्या व्यापारातील सल्लागार

कापडाच्या दुकानात सल्ल्याला कधी तोटा नसतो. बस्ता बांधायला बसलेल्या मंडळींत नवरीची आत्या काठपदर ठरवते, मामा किंमत ठरवतो आणि ज्याला काहीच घ्यायचे नसते तो शेजारी रंग सांगतो. हा सगळा सल्ला फुकट! पण पैसे घेऊन सल्ला देणारा एक वर्ग आता या व्यापारात रुजला आहे. तो गिऱ्हाइकाला नव्हे, खुद्द दुकानदाराला सल्ला देतो. कोणता माल भरावा, किती भरावा, कसा मांडावा, कोणत्या भावाने विकावा आणि जो खपला नाही त्याचे काय करावे, हे सांगणे त्याचे काम. माझे विद्यार्थी विचारतात, "सर, हा व्यवसाय आम्हांला जमेल का?" जमेल. मात्र त्याची सुरुवात कोठून करायची, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

पूर्वी ही सगळी कामे मालक, त्याचा मुलगा आणि मुनीम मिळून करीत. दुकान एक, गल्ला एक, मालकाची नजर सगळीकडे. १९९१ साली मुंबईत अंधेरीला 'शॉपर्स स्टॉप' निघाले, १९९८ नंतर टाटांच्या 'ट्रेंट'ची दुकाने वाढू लागली, २००१ साली किशोर बियाणी यांनी 'बिग बझार' सुरू केला. एका दुकानाची पन्नास दुकाने झाली म्हणजे मालकाला प्रत्येक फळी डोळ्यांनी पाहता येत नाही. ती आकड्यांनी पाहावी लागते. आकडे वाचणाऱ्या माणसाची गरज अशी निर्माण झाली, आणि मग लहान दुकानदारालाही ती भासू लागली.

हे आकडे फार अवघड असतात असे नाही. समजा, तुमच्या मामांचे सारोळ्यात हमरस्त्याला दुकान आहे. त्यांनी ४०० रुपयांप्रमाणे १०० शर्ट आणले आणि ६०० रुपयांना विकायला ठेवले. कर तूर्त बाजूला ठेवू. सत्तर शर्ट खपले. मामा म्हणतात, "नगामागे दोनशे, म्हणजे चौदा हजार सुटले." पण गल्ल्यात आले ४२,००० आणि खरेदीला गेले होते ४०,०००. हातात उरले दोनच हजार! बाकीचे १२,००० कोठे गेले? ते तीस शर्टांच्या रूपाने फळीवर बसले आहेत. तेवढ्या काळात भाडे, वीज आणि नोकर यांना ६,००० लागले असतील, तर मामांनी ४,००० पदरचे घातले. कापडधंद्यातली बरीच दुकाने तोट्याने नव्हे, तर अशा फळीवर बसलेल्या नफ्याने बुडतात.

दुसरी चूक सेलच्या वेळी होते. ४०० वर २०० म्हणजे शेकडा ५० नफा, तेव्हा शेकडा ४० सूट दिली तरी १० उरतील, असे पुष्कळांना वाटते. पण सूट विक्रीच्या किमतीवर असते. ६०० चे ४० टक्के २४०; शर्ट गेला ३६० ला, म्हणजे नगामागे ४० रुपयांचा तोटा. दुकानदार हसतमुखाने स्वतःचे भांडवल वाटीत बसतो.

आता कराचेही पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या नगाला २,५०० रुपयांपर्यंत शेकडा ५ जीएसटी आहे, त्याच्या वर शेकडा १८. म्हणजे २,५०० चा ड्रेस गिऱ्हाइकाला २,६२५ ला पडतो आणि २,६०० चा ३,०६८ ला. दुकानदाराने शंभर वाढवले, गिऱ्हाइकाला ४४३ जास्त मोजावे लागले. असा उंबरठा ज्याला ठाऊक नाही, त्याने भाव सांगायला जाऊ नये.

इतके समजले म्हणजे आपण सल्लागार झालो, असे मलाही एकदा वाटले होते. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच कॉलेजात लागलो होतो. सारोळ्यात एक वडीलधारे कापडदुकानदार होते. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. त्यांच्या वह्या घेऊन मी दोन दिवस बसलो. टॉवेल-टोपी, उपरणी, खण, लुगडी यांत नफा अगदीच बेताचा; तयार कपड्यांत त्याच्या कितीतरी पट. मी कागदावर मांडून दिले की, आबा, हा जुना माल काढून टाका आणि त्या फळ्यांवर जीन्स आणि ड्रेस लावा. आबांनी ऐकले. मी हजार रुपये घेतले.

दिवाळी बरी गेली. मग लगीनसराई आली. पहिल्या बस्त्याची मंडळी गादीवर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "आबा, आधी टॉवेल-टोपी काढा, पाच डझन." टॉवेल-टोपी नव्हती. आपल्याकडच्या लग्नात पुरुषमंडळींचा मान टॉवेल-टोपीने होतो. ती जेथे मिळेल तेथेच शालू, साड्या आणि नवरदेवाचा पोशाख घेतला जातो. एका लग्नासाठी चार दुकाने कोण हिंडणार? मंडळी उठली, नीरेचा पूल ओलांडून शिरवळला गेली. त्या साली आबांकडे एकही बस्ता बांधला गेला नाही. ठोक व्यापाऱ्याचे पैसे थकले आणि काकूंच्या पाटल्या गहाण पडल्या. मी हजार रुपये परत नेऊन दिले, पण तेवढ्याने पाटल्या सुटत नसतात. आबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, हिशेब बरोबर होता तुमचा. पण आमची गिऱ्हाइकं त्या कागदावर नव्हती."

वाचकहो, या व्यवसायातली सर्वांत मोठी जोखीम हीच आहे. सल्ला चुकला तर सल्लागाराचे पैसे जात नाहीत. ते दुसऱ्याच्या घरातून जातात. मोठ्यांचीही यातून सुटका नाही. बियाणी यांच्या समूहाने कर्जावर विस्तार केला. २०१२ मध्ये 'पँटलून्स' बिर्ला समूहाला देण्याचा निर्णय करावा लागला. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद पडली आणि २०२२ साली 'फ्यूचर रिटेल' दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. गिऱ्हाईक थांबले तरी भाडे आणि व्याज थांबत नाही.

मग तरुणाने काय करावे? पहिली गोष्ट, एक पुरे वर्ष दुकानात नोकरी करावी. लगीनसराईची गर्दी आणि पितृपक्षातला शुकशुकाट, दोन्ही पाहावीत. गठ्ठे फोडावेत, घड्या घालाव्यात आणि गिऱ्हाईक काही न घेता का उठले, ते रोज लिहून ठेवावे. दुसरी, माल ओळखावा. इचलकरंजी, भिवंडी आणि मालेगाव येथील यंत्रमाग, सोलापूरचे टॉवेल, येवल्याची पैठणी यांतला फरक बोटांना कळला पाहिजे. तिसरी, जमल्यास रीतसर शिक्षण घ्यावे. १९८६ साली दिल्लीत स्थापन झालेल्या 'निफ्ट'चे मुंबई केंद्र १९९५ पासून आहे. ते खारघरला असते. तेथे फॅशन व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेशपरीक्षा देता येते. त्यानंतर एखाद्या मोठ्या दुकानाच्या खरेदी विभागात चार-पाच वर्षे काढावीत. मग स्वतःची पाटी लावावी.

आणि पाटी लावल्यावर दोन पथ्ये पाळावीत. ज्याला सल्ला द्यायचा त्याच्याकडूनच मोबदला घ्यावा. ठोक व्यापाऱ्याचे कमिशन घेऊन त्याचा माल दुकानदाराच्या गळ्यात बांधू नये. आणि सगळे दुकान एकदम बदलू नये. एक फळी, एक हंगाम, एवढाच प्रयोग करावा. चुकला तरी घर उभे राहते.

आबांचे दुकान आजही चालू आहे. आता त्यांची सूनबाई गल्ल्यावर बसतात आणि कधीमधी मला विचारतात, "सर, हा नवा माल घेऊ का?" मी आधी विचारतो, "गेल्या वर्षी कोण काय मागून परत गेले, ती वही कोठे आहे?" त्या वही काढतात. मग आम्ही दोघे हिशेबाला बसतो.