एएमएच कमी आलं, म्हणून घाबरायचं का?

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते, तेव्हा तिच्या बीजांडकोशांत साठ-सत्तर लाख स्त्रीबीजं असतात. जन्माच्या वेळी त्यांतली दहा-वीस लाख उरतात, पाळी सुरू होते तोवर तीन-चार लाख. साऱ्या आयुष्यात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे, बाकीची आपोआप विरून जातात. थोडक्यात, बीजांचा साठा प्रत्येकीचाच घटतो. प्रश्न आहे तो ज्यांचा साठा वयाच्या मानाने लवकर घटतो अशा स्त्रिया किती, हा.

याचं एकच एक उत्तर मिळत नाही, कारण मोजणी कुठे केली त्यावर आकडा बदलतो. अमेरिकेतल्या आयव्हीएफ केंद्रांच्या एकत्रित नोंदींत साठा कमी असल्याचं निदान २००४ मध्ये १९ टक्के होतं, २०११ मध्ये ते २६ टक्क्यांवर गेलं. पण या केंद्रांची दारं मूल होत नाही म्हणूनच ठोठावली जातात. तिथला 'चार जणींत एक' हा हिशेब शेजारपाजारच्या सगळ्या बायकांना लावणं साफ चुकीचं. चाळिशीच्या आतच बीजांडकोशांचं काम मंदावणं किंवा थांबणं, हा यातला सर्वांत गंभीर प्रकार. त्याचं प्रमाण वर्षानुवर्षं एक टक्का सांगितलं जायचं. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास धरलं आहे.

आपल्याकडे काळजीला थोडी जास्त जागा आहे, हेही सांगायला हवं. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या सुमारास. आयव्हीएफसाठी आलेल्या भारतीय आणि स्पॅनिश स्त्रियांची तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत भारतीय स्त्रियांचा साठा सुमारे सहा वर्षं 'पुढच्या वयाचा' दिसला. अर्थात हीसुद्धा उपचाराला आलेल्यांचीच मोजणी.

साठा मोजतात तो दोन प्रकारे. एक एएमएच या बीजांडकोशात तयार होणाऱ्या संप्रेरकाची रक्ततपासणी. दुसरी योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी, बहुधा पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पडद्यावर बीजांडकोशात काळे, गोल ठिपके दिसतात. दोन ते दहा मिलिमीटरचे हे ठिपके डॉक्टर एकेक करून मोजतात, आधी एका बाजूचे, मग दुसऱ्या. दोन्हीकडचे मिळून पाच-सातच भरले, किंवा एएमएच एक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास वा त्याखाली आलं, तर साठा कमी म्हणतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एएमएच तात्पुरतं खाली येतं, हे मात्र कितीतरी जणींना कुणी सांगतच नाही.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अमेरिकेत ३० ते ४४ वर्षांच्या, वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या ७५० स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं एएमएच ०.७ पेक्षाही कमी होतं, त्यांना वर्षभरात नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता इतरजणींपेक्षा कमी आढळली नाही. महिन्याला बीज लागतं एकच, आणि ते सुदृढ असणं ठरतं मुख्यतः वयावर. म्हणून तिशीतल्या बाईचं कमी एएमएच आणि बेचाळिशीतलं कमी एएमएच यांना एका मापाने मोजता येत नाही. आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी किती बीजं हाती लागतील, याचा अंदाज एएमएच चांगला देतं. तपासणीचा खरा उपयोग तिथे आहे. एका आकड्यावरून तरुण मुलीला 'अंडी संपत आली' असं सांगून घाईने हजारो-लाखोंच्या उपचारांत ढकलणं मला अन्यायाचं वाटतं.

काहीजणींनी मात्र थांबू नये. आई किंवा बहिणीची पाळी चाळिशीच्या आत गेली असेल, किंवा बीजांडकोशातल्या चॉकलेट सिस्टचं ऑपरेशन ठरलं असेल, तर साठ्याबद्दल आधी बोलून घ्यावं. त्या ऑपरेशनमध्ये सिस्टबरोबर निरोगी भागही जाऊ शकतो. कॅन्सरच्या केमोथेरपीपूर्वी बीजं गोठवून ठेवण्याबद्दल विचारावं. धूम्रपानानेही पाळी साधारण वर्षभर तरी आधी जाते.

आणि घरच्यांना एक कळकळीची विनंती. मूल होत नाही म्हटलं की सुनेच्या तपासण्यांची फाइल जाडजूड होते, आणि मुलाची साधी वीर्यतपासणी राहून जाते. मूल न होण्याचं कारण पुरुषाकडेही असण्याची शक्यता मोठी असते आणि ही तपासणी स्वस्त, बिनत्रासाची आहे. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून, पस्तिशीनंतर सहा महिन्यांनी आणि चाळिशीनंतर लगेच डॉक्टरांकडे जा. जाताना दोघंही जा.