ज्याला नाचता येत नाही, त्याच्यासाठी केलेलं संगीत

लेखमाला : ठेका आणि पाऊल | भाग सहावा

मागच्या आठवड्यात आपण न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या सॅव्हॉय बॉलरूमपर्यंत येऊन थांबलो होतो. १९२६ ते १९५८ एवढा काळ चाललेलं ते नाचघर, तिथले पंधरा-सोळा वादकांचे ताफे आणि जोडीदाराला हवेत उडवणारा लिंडी हॉप. बघत राहावं असा तो नाच, पण तो अंगात मुरायला वर्षं जातात. आज त्याच घराण्यातल्या पुढच्या पिढीकडे वळू. या संगीताला ऱ्हिदम अँड ब्लूज म्हणतात. नाचता न येणाऱ्यालाही ते जागचं उठवतं, आणि कसं उठवतं ते समजून घेण्याजोगं आहे.

हा प्रश्न आपल्याकडे दर लग्नसराईत पडतो. परभणी असो, सेलू असो की गंगाखेड, परण्या मारुतीच्या देवळाकडे निघाला की नवरदेवाचा मामा, ज्याला जन्मात कुणी नाचताना पाहिलेलं नसतं, तो बँडसमोर दोन्ही हात वर करून उभा राहतो. मुहूर्त टळत आलेला असतो, भटजी घड्याळ दाखवत असतात आणि मामा काही हलत नाहीत. मामांनी काही शिकवणी लावलेली नसते. कसब बँडवाल्याचं असतं, आणि त्याने निवडलेल्या गाण्याच्या बांधणीत असतं.

ताफा लहान झाला

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मोठे ताफे परवडेनासे झाले. वादक फौजेत गेले, गावोगावच्या दौऱ्यांचा खर्च वाढला. त्या वेळी लुई जॉर्डन या सॅक्सोफोनवादक गायकाने पाच-सहा जणांत काम भागवून दाखवलं. आर्कान्सॉ राज्यातल्या ब्रिंकली या छोट्या गावात १९०८ साली जन्मलेला जॉर्डन सॅव्हॉय गाजवणाऱ्या चिक वेबच्या ताफ्यात उमेदवारी करून आला होता. नाचणारी पावलं काय मागतात हे त्याने मंचावरून रोज पाहिलं होतं. त्याने वादक कमी केले, पण ठेका तेवढाच भरीव ठेवला आणि वर गावगप्पांसारखी विनोदी गाणी चढवली. १९४६ च्या त्याच्या ‘चू चू च’बूगी’ने कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत अठरा आठवडे पहिला क्रमांक सोडला नाही.

या यादीला तोवर ‘रेस रेकॉर्ड्स’ असं, माणसाच्या वर्णावरून पडलेलं नाव होतं. १९४९ च्या जूनमध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने ते बदललं. तिथे काम करणाऱ्या जेरी वेक्सलरने सुचवलेलं ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव रुजलं. पुढे हाच वेक्सलर अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीत गेला. रूथ ब्राउन, बिग जो टर्नर आणि रे चार्ल्स, म्हणजे नाचाच्या रात्री हमखास लागणारे तीन आवाज, याच कंपनीने घराघरांत पोचवले.

न्यू ऑर्लीन्सची वरात

परभणीच्या वाचकाला सर्वांत ओळखीचं वाटेल ते न्यू ऑर्लीन्स शहर. तिथे सणाला, मिरवणुकीला, इतकंच काय अंत्ययात्रेलाही पितळी वाद्यांचा बँड लागतो. पुढे बँड आणि यजमान मंडळी, ही पहिली रांग. मागून वाटेतले लोक सामील होतात, छत्र्या आणि रुमाल उडवत नाचतात, ती दुसरी रांग. दुसऱ्या रांगेला आमंत्रण लागत नाही आणि तालमीची तर गोष्टच नको. तिकडचा बँड एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी बँडच्या वळणाने घडला, आपल्याकडचा छावण्यांच्या आणि संस्थानांच्या फौजांच्या वळणाने. फौजेला कवायत करवण्यासाठी तयार झालेली ही वाद्यं दोन्ही ठिकाणी लोकांनी आपल्या सोहळ्यांत ओढून आणली.

या गावातला फॅट्स डॉमिनो (१९२८–२०१७) हा पियानोवादक गायक. १९४९ च्या डिसेंबरात त्याने ‘द फॅट मॅन’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. साथीला होता ट्रम्पेटवादक डेव्ह बार्थोलोम्यूचा ताफा आणि ड्रमवर अर्ल पामर. पामर लहानपणी रंगमंचावर टॅप डान्स करायचा. आधी पायांनी ठेका वाजवलेल्या माणसाच्या हातात पुढे काठ्या आल्या. त्याने या गाण्यात चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठाम ठोका ठेवला. यालाच बॅकबीट म्हणतात. पुढच्या रॉक अँड रोलचा सारा डोलारा त्यावर उभा राहिला.

हा ठोका नवशिक्याला काय देतो? पहिली आणि तिसरी मात्रा पावलाला मोकळी राहते, दुसरी आणि चौथी टाळीला किंवा खांद्याला मिळते. शरीराला आळीपाळीने दोन कामं मिळाली की संकोचाला जागा उरत नाही. त्यात डॉमिनोची लय मध्यम. धाप लागत नाही, त्यामुळे साठीचे आजोबाही दोन गाणी टिकतात.

दुसरी खुबी शफलची. इथे प्रत्येक मात्रेचे तीन भाग कल्पायचे, मधला गाळायचा आणि पहिला-तिसरा वाजवायचा. ऐकू येतं ते लांब-आखूड, लांब-आखूड. सरळ दोन भागांच्या ठेक्यात पाय आपटला जातो, शफलमध्ये तो उचलला जातो. दादऱ्यात बसल्याबसल्या मान डोलते, ती ओढ साधारण याच जातीची.

पावलांचं गणित

या गाण्यांपैकी पुष्कळशी ‘बारा बार ब्लूज’च्या साच्यात बांधलेली आहेत. चार मात्रांचा एक बार, असे बारा बार, म्हणजे एका कडव्याच्या आवर्तनात ४८ मात्रा. आता नाच बघा. जाइव्ह या जोडीच्या नाचाचं मूळ पाऊल सहा मात्रांचं, लिंडी हॉपचं आठ मात्रांचं. सहाचं पाऊल चारच्या बारवर टाकलं की ते तिरकं पडतं, पण बारा मात्रांनी, म्हणजे तीन बारांनी, पाऊल पुन्हा समेवर येतं. पूर्ण आवर्तनात सहाची पावलं आठ बसतात आणि आठची सहा. तिहाई समेवर येताना जीव मुठीत धरणाऱ्या आपल्या श्रोत्याला यातली गंमत वेगळी समजावून सांगायला नको.

ज्याला मोजता येत नाही त्याचीही सोय या साच्यात आहे. मिनिटाला १४० मात्रांच्या लयीत ४८ मात्रा साधारण वीस सेकंदांत संपतात. ज्याचं पाऊल चुकलं त्याला वीस सेकंदांत नवी सम मिळते. गाडी चुकली तरी पुढची लगेच लागलेली असते, म्हणून कुणी फलाटावर उदास बसत नाही.

रे चार्ल्सचं ‘व्हॉट’ड आय से’ तर नाचघरातच जन्मलं. १९५८ च्या अखेरीस एका नाचाच्या कार्यक्रमात त्याच्याजवळची ठरलेली गाणी संपली आणि वेळ शिल्लक राहिला. त्याने पियानोवर एक तुकडा धरला, साथीच्या गायिकांना सांगितलं की मी म्हणेन ते मागून म्हणा, आणि तुकडा फिरवत राहिला. लोक थांबेनात. पुढच्या वर्षी ते रेकॉर्डवर आलं. एकाने टाकायचं आणि घोळक्याने उचलायचं, ही रीत भारुडापासून गोंधळापर्यंत आपल्याही अंगवळणी पडलेली आहे. म्हणूनच या गाण्याची भाषा न कळणारा माणूसही दुसऱ्या फेरीत सामील होतो.

पुणतांब्याचे अण्णा, हळदोण्याचा चिक, दादरचे भगवान

हे वारं महाराष्ट्रात कसं आलं? १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्यासोबत आणि त्यांच्यानंतर वाजवणारे बरेचसे गोवेकर होते. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकल्यामुळे कुठलाही कागद समोर ठेवला तरी वाजवू शकणारे. त्यांतला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, बार्देशातल्या हळदोण्याचा. त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी कडक झाली, नाचघरांचा धंदा बसला आणि वादक अधिकाधिक चित्रपटांच्या स्टुडिओंकडे वळले. सरकारने दारू बंद केली, आणि त्यातून हिंदी गाण्याच्या वाद्यवृंदाला नवं बळ मिळालं.

स्टुडिओत त्यांना भेटले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, सगळ्यांचे अण्णा. जन्म १९१८, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेला हा माणूस मुळात ख्यालाच्या शिस्तीतला. त्यांचे स्नेही भगवान आभाजी पालव १९१३ साली अमरावतीत जन्मले, गिरणी कामगाराच्या घरात वाढले आणि मूकपटांपासून पडद्यावर आले. १९५१ मध्ये भगवानदादांनी ‘अलबेला’ काढला. सी. रामचंद्रांनी त्यातल्या ‘शोला जो भडके’साठी बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन एकत्र बसवले. चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासह या चित्रपटात पडद्यावरही दिसतो.

काटेकोर अर्थाने ‘अलबेला’चं संगीत ऱ्हिदम अँड ब्लूज नाही. त्यात लॅटिन ठेका आहे, स्विंग आहे आणि आपला ठुमकाही आहे. पण हेतू तोच, सगळ्यांना उठवण्याचा. १९५७ च्या ‘आशा’मधलं ‘ईना मीना डीका’ मात्र रॉक अँड रोलच्या, म्हणजे ऱ्हिदम अँड ब्लूजच्याच धाकट्या भावाच्या, अगदी शेजारी जाऊन बसतं.

भगवानदादांचा नाच या सगळ्याला पुरता शोभणारा होता. पावलं जेमतेम हलतात, गुडघे सैल, कमरेला हलकासा झोका, हात कोपरातून मोकळे. बुटकं, स्थूल शरीर आणि चेहऱ्यावर खट्याळ हसू. उदय शंकरांचा नाच पाहून माणूस हात जोडतो. भगवानदादांचा पाहून म्हणतो, एवढं तर मलाही जमेल. पुढे अमिताभ बच्चन यांनी हीच ढब उचलली आणि तिला दुसऱ्यांदा देशभर पसरवलं. उतारवयात दादा दादरच्या चाळीत राहत. विसर्जनाची मिरवणूक तिथे थांबायची आणि त्यांनी दोन पावलं टाकल्याशिवाय पुढे जायची नाही, असं सांगितलं जातं.

परभणीपर्यंतचा रस्ता

‘अलबेला’ आला तेव्हा परभणी हैदराबाद राज्यात होती. मुंबईचं नाचघर इथून कोसो दूर, पण गाणं तीन वाटांनी आलं. एक वाट जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमाची. दुसरी रेडिओची. १९५२ च्या सुमारास नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकरांच्या धोरणाने आकाशवाणीवरची चित्रपटगीतं आटली, तेव्हा लोकांनी काटा रेडिओ सिलोनवर नेला आणि बुधवारी रात्री निवेदक अमीन सयानींचा आवाज ऐकू लागले. विविधभारती आली ती १९५७ च्या ऑक्टोबरात.

तिसरी वाट बँडपार्टीची, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. बँडवाला गाणं कानाने उचलतो. जे मुळातच ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनसाठी बांधलेलं आहे ते त्याच्या हाताला सोपं जातं. न्यू ऑर्लीन्समध्ये मिरवणुकीतला ठेका स्टुडिओत गेला. आपल्याकडे उलटं झालं, स्टुडिओतला ठेका मिरवणुकीत उतरला. हलगीने आणि ढोलाने त्याला मराठवाड्याचं पाणी पाजलं.

बँडची जागा आता बरीचशी डीजेने घेतली आहे. आवाजाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, माझी तक्रार वेगळी आहे. संगणकावर बांधलेला ठेका एकाच गतीने आणि एकाच वजनाने चालत राहतो. त्यात बारा बारांचं आवर्तन नसतं, थांबा नसतो, नाचणाऱ्याकडे पाहून लय जराशी सैल करणारं कुणी नसतं. लोक उड्या मारतात, पण एकमेकांबरोबर नाचायला लागणारी फट त्यात सापडत नाही. जुन्या बँडमास्तरची एक नजर नवरदेवाच्या घोड्यावर आणि एक नाचणाऱ्यांच्या पायावर असायची.

हळदीच्या किंवा संगीताच्या रात्री हा फरक घरीच पाहता येईल. सुरुवातीला फॅट्स डॉमिनो लावा, लय मध्यम असल्याने वडीलधारी उठतील. मग लुई जॉर्डन, मुलांसाठी. रूथ ब्राउन आणि बिग जो टर्नर रंग चढल्यावर. सगळे दमायच्या बेतात आले की रे चार्ल्स, कारण त्याला घोळक्याचा आवाज लागतो. मधूनमधून ‘अलबेला’ पेरा, म्हणजे कुणी परकं वाटून घेणार नाही. आणि टाळी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर द्या. सुरुवातीला ती हटकून पहिलीवर जाईल. जाऊ द्या, वीस सेकंदांत नवी सम आहेच.

पुढच्या भागात : ख्रिस पेरी, लॉर्ना आणि कोकणी गाण्यातला चा-चा-चा.