बेल वाजतेय, दार कोण उघडणार?

वय २९, वजन ‘ठीकठाक’, सिगरेट नाही. त्यामुळे ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट मी पाकीट न फोडताच कपाटावर टाकला होता. आईनं तो फोडला. एचबीएवनसी ६.१. म्हणजे ५.७ ते ६.४ या पट्ट्यात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. बाबांची गोळी १२ वर्षं चालू आहे. आमच्या घरात हा आकडा कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

“पण मी गोड फारसं खातच नाही हो!” मी डॉक्टरांकडे कुरकुरलो. ते म्हणाले, “नुसत्या गोडाचा प्रश्न नाहीये. तुमच्या पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा झाल्यात.”

ऐकेनाशा? मला आजवर वाटायचं, इन्सुलिन साखरेला हाताला धरून पेशीत नेतं. तसं नसतं म्हणे. ते दारावरची बेल वाजवतं, बस्स! ही बेल म्हणजे रिसेप्टर. पेशीच्या आवरणात रोवलेलं एक प्रथिन, थोडं बाहेर, थोडं आत. बाहेरून इन्सुलिन चिकटलं की त्याचा आतला भाग जागा होतो, शेजारच्या प्रथिनाला खूण करतो, ते पुढच्याला. निरोप पोचला की स्नायूंच्या पेशीत आत दडवून ठेवलेली ग्लुट-४ नावाची दारं वर येतात आणि रक्तातली साखर आत शिरते.

१९२२च्या जानेवारीत टोरांटोमध्ये १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचलं गेलं. मधुमेहासाठी इन्सुलिन मिळालेला तो पहिला पेशंट. त्याच्या शरीरात बेल वाजवणारंच जवळपास कुणी उरलं नव्हतं. आपल्यासारख्यांचं उलटं. बेल वाजते, पण निरोप आतल्या आत अडतो. स्नायूंत आणि यकृतात साचलेली जादा चरबी हे त्याचं एक मोठं कारण. मग स्वादुपिंड काय करतं? मेलला उत्तर आलं नाही की आपला बॉस जे करतो तेच. आणखी मेल! आणखी इन्सुलिन. काही वर्षं हे खपून जातं, रिपोर्टही बरे येतात. पुढे स्वादुपिंडच थकतं.

आता खरी गंमत. या घराला मागचं दारही आहे. स्नायू हलले की ग्लुट-४ इन्सुलिनच्या बेलची वाट न बघता वर येतं. शिवाय व्यायामानंतर साधारण एक-दोन दिवस पेशींना बेलही जास्त नीट ऐकू येते. जिमची फी भरायची गरज नाही. जेवणानंतरची शतपावली, लिफ्टऐवजी जिना, एवढ्यानंही सुरुवात होते.

सध्या रात्री जेवलो की मी आणि बाबा सोसायटीला फेऱ्या मारतो. लाल रक्तपेशी साधारण चार महिने जगतात, त्यामुळे एचबीएवनसी लगेच हलत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट आहे.

या वेळी पाकीट मीच फोडणार.