एक्सलचा बूट वेळेत बदला

स्टीअरिंग पूर्ण कापून गाडी वळवली की पुढच्या चाकातून कट-कट आवाज येतो, ही तक्रार अमरावतीच्या राजापेठेतल्या कुठल्याही मेकॅनिकच्या ओळखीची आहे. आवाज एक्सलच्या टोकाच्या सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) जॉइंटचा असतो, पण दुखणं सुरू झालेलं असतं त्यावरच्या रबरी बुटापासून.

अँबेसेडर, पद्मिनी या गाड्यांना मागची चाकं ढकलायची. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि हे काम पुढच्या चाकांकडे गेलं. ती चाकं गाडी ओढतात आणि वळतातही, म्हणून वाकूनही चाक फिरवणारा जोड लागतो. साधा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) जास्त वाकला तर दर फेऱ्यात वेग दोनदा कमी-जास्त होतो. सीव्ही जॉइंटात तसं होत नाही. चाकाकडच्या जॉइंटच्या वाटीत खाचांमध्ये सहा पोलादी गोळ्या असतात, त्यामुळे वळणावरही चाक एकसारखं फिरतं. गिअरबॉक्सकडच्या जॉइंटात बहुधा तीन रोलर असतात. चाक खड्ड्यात खाली-वर झालं की ते आत-बाहेर सरकतात.

बूट आतलं ग्रीस राखतो आणि बाहेरची माती अडवतो. लहान गाडीचं चाक किलोमीटरमागे सहाशेच्या आसपास फेरे घेतं आणि वळणावर दर फेऱ्याला बुटाच्या घड्या उघडतात, मिटतात. वऱ्हाडातलं ऊन रबर कडक करतं, पांदणीत पऱ्हाटीची धसकटं लागतात. भेग पडली की ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसतात. मग चिखल आत शिरून गोळ्या आणि खाचा घासू लागतो.

बूट बदलायला एक्सल काढावा लागतो. गाडी जमिनीवर असतानाच हबच्या मोठ्या नटाचा दाबलेला काठ सरळ करतात आणि एकाला ब्रेक दाबायला बसवून तो नट सैल करतात. मग जॅक लावून गाडी स्टँडवर ठेवतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. चाक काढून लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवला की हब बाहेर ओढून एक्सलचं टोक काढता येतं. ते अडलं तर लाकडी ठोकळा धरून ठोकावं, नाहीतर आटे दबतात. आतलं टोक पहारीने अलगद उचकटतात. ऑइल सांडतं म्हणून खाली भांडं ठेवतात आणि सीलला पहार लागू देत नाहीत. एक्सलला धरून ओढू नये, आतला जॉइंट निसटतो.

बऱ्याच गाड्यांत चाकाकडचा जॉइंट एक्सलवरून काढत नाहीत. रोलरच्या जॉइंटच्या जागेवर रंगाने खूण करतात, सर्क्लिप काढून तो उतरवतात आणि दोन्ही बूट त्या बाजूने चढवतात. जुनं ग्रीस केरोसिनने धुऊन जॉइंट पूर्ण कोरडा करावा. इथे घाई नको. खाचेत बोट फिरवून पाहावं. खड्डा किंवा ओरखडा लागला तर नुसत्या नव्या बुटाने भागणार नाही, जॉइंटच बदलावा.

ग्रीस किटमधलंच वापरावं. चाकाकडच्या जॉइंटचं ते बहुधा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं, काळं असतं. आधी जॉइंटात दाबून भरावं, उरलेलं बुटात. बुटाचा काठ खाचेत बसवून आतली हवा काढावी, पीळ पडला नाही ना हे पाहावं आणि मगच क्लॅम्प आवळावा.

परत जोडताना सर्क्लिप आणि हबचा नट नवाच घ्यावा, नट टॉर्क पान्ह्याने कंपनीच्या मापाने आवळावा आणि गिअर ऑइलची पातळी तपासावी. एक्सल न बसवता गाडी चाकावर ढकलू नये, हबचं बेअरिंग खराब होऊ शकतं.

आवाज सुरू होण्याआधी बूट बदलला तर रबर, ग्रीस आणि मजुरी एवढाच खर्च येतो. उशीर झाला तर जॉइंट जातो. म्हणून मृगाआधी एकदा आणि कापसाची वेचणी संपल्यावर एकदा, स्टीअरिंग पूर्ण कापून पुढच्या चाकांमागे बॅटरी मारून बघा. बुटावर भेग दिसली तर त्याच आठवड्यात गाडी गॅरेजला न्या.